‘सर, गाडी ओके आहे’: वॉरंटीतली गाडी पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर तुमचे हक्क काय?

एपिसोड ऐकून झाल्यावर “ते कलम कितवं होतं रे?” असं विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बसमध्ये, लोकलमध्ये वाचता येईल असं थोडक्यात ठेवलंय. आधीच सांगतो, मी वकील नाही, इंजिनिअर आहे. कायदा वाचून जेवढं नीट समजलं तेवढंच सांगतोय.

आजचा विषय म्हणजे नवी गाडी, चालू वॉरंटी आणि तरीही न जाणारा बिघाड. सिग्नलला इंजिन बंद पडतं, गियर अडकतो, चेक इंजिनचा दिवा कधी पेटतो, कधी आपोआप विझतो. सर्व्हिस सेंटरला नेली की दोन दिवसांनी फोन येतो, “सर, गाडी ओके आहे, आम्हाला काही सापडलं नाही.” आठवड्याभरात पुन्हा तेच. हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता कापला जातो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात “माझ्या मशीनवर तर चालतंय” हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आणि ज्या बगची कुठे नोंदच नाही, तो बग कुणी सोडवत नाही. गाडीच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने बराच आहे, पण तो नोंदीवर चालतो. म्हणजे तुमची केस आयोगात उभी राहण्याच्या कितीतरी आधी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तयार होत असते.

वॉरंटी वेगळी, कायदा वेगळा

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेलं वचन. पुस्तिका उघडून बघा. साधारण एवढंच लिहिलेलं असतं की, ठरलेल्या मुदतीत किंवा किलोमीटरमध्ये साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर आम्ही तो पार्ट दुरुस्त करू किंवा बदलू. ‘गाडी बदलून देऊ’ असं त्यात नसतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे बहुधा झीज म्हणून वगळलेले असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा या पुस्तिकेच्या पलीकडचा आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. यात दोन शब्द लक्षात ठेवा. ‘दोष’ म्हणजे वस्तूतच खोट, आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणजे कामात कसूर. गिअरबॉक्स मुळातच खराब असेल तर तो दोष. चांगला गिअरबॉक्स नीट न बसवता गाडी परत दिली तर ती सेवेतील त्रुटी. तक्रारीत दोन्ही मांडता येतात.

तक्रार खरी ठरली तर आयोग काय देऊ शकतो ते कलम ३९ मध्ये आहे. दोष दूर करा, निर्दोष नवी वस्तू द्या, घेतलेली किंमत व्याजासह परत करा, नुकसानभरपाई द्या, असे आदेश आयोग काढू शकतो.

बिघाडामुळे कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर कायद्याचं सहावं प्रकरण लागू होतं. हे प्रकरण उत्पादन दायित्वाचं. “वॉरंटी देताना आमच्याकडून निष्काळजीपणा किंवा फसवणूक झाली नव्हती” एवढं सिद्ध करून निर्मात्याला तिथून सुटता येत नाही. हे कलम ८४ मध्ये आहे.

मग नवी गाडी मिळते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर असं की, मिळू शकते, पण सहज नाही.

अमेरिकेत यासाठी ‘लेमन लॉ’ नावाचे राज्यवार कायदे आहेत. पहिला कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केला. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही गाडी सुधारली नाही, तर बदली किंवा परतावा, अशी त्यांची ढोबळ रचना. आपल्याकडे ‘तीन वेळा दुरुस्ती झाली की नवी गाडी’ असा आकडा कायद्यात नाही. इथे प्रत्येक केस तिच्या पुराव्यावर ठरते.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल बघू.

२००६ चा मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा. तक्रार क्लचची होती. खालून गाडी बदलून देण्याचा आदेश आला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष पार्ट बदलण्यापुरती आहे, त्यामुळे पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकत नाही. ग्राहकाला भरपाई मिळाली, नवी गाडी नाही.

दुसरा सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया. इथे इंजिन आणि गिअरबॉक्समधून आवाज येत होता. न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितलं, आणि मुळातच उत्पादन दोष निघाला तर पैसे व्याजासह परत द्या असं ठरवून दिलं. म्हणजे सगळा भार तज्ज्ञाच्या अहवालावर.

तिसरा एप्रिल २०२२ चा, ह्युंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर. २०१५ मध्ये घेतलेली क्रेटा, २०१७ मध्ये अपघात, आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. समोरून ठरावीक जोराचा आघात झाला तरच त्या उघडतात, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाचं म्हणणं असं की, वेग आणि बलाचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. भरपाई कायम राहिली आणि गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

तिन्ही एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. एखादा पार्ट बदलून भागत असेल तर पार्टच मिळेल. दोष मुळातला आहे हे सिद्ध झालं, किंवा तो थेट जिवाशी खेळणारा असेल, तर पैसे परत किंवा नवी गाडी शक्य आहे.

तक्रार कुणाविरुद्ध, डीलर की कंपनी?

शोरूमवाला म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते डीलरशी बोला. यावर गोव्यातली एक केस माहीत असावी, टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पाउलो वाझ, निकाल फेब्रुवारी २०२१. ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून गाडी घेतली आणि हातात पडली २००९ ची, आधीच काहीशे किलोमीटर चाललेली. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरच्या या उद्योगाची कंपनीला माहिती होती असं तक्रारीत मांडलंच नव्हतं, आणि दोघांचा व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता. डीलरची जबाबदारी मात्र राहिली.

यातून घ्यायचं ते असं की, दोघांनाही प्रतिवादी करा आणि कुणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. बनावटीतला दोष कंपनीवर, विक्रीतली लबाडी किंवा दुरुस्तीतली हयगय डीलरवर.

काउंटरवर काय करायचं?

१. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. सर्व्हिस अॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो. तसं चालवून घेऊ नका. “तिसऱ्या गियरमध्ये, चढावर, एसी चालू असताना इंजिन बंद पडतं, या महिन्यात चौथ्यांदा” असं लिहा. बग रिपोर्ट लिहितो ना, अगदी तसं.

२. गाडी परत घेताना ‘समाधानकारक’ वर सही करायच्या आधी चालवून बघा. बिघाड तसाच असेल तर सहीच्या वर तेच लिहा आणि फोटो काढा.

३. बिघाड होताना व्हिडिओ काढा, पण गाडी बाजूला थांबवून किंवा शेजारी बसलेल्याने. मीटरवरचे किलोमीटर दिसू द्या.

४. स्कॅनर लावला असेल तर निघालेल्या कोडची प्रिंट मागा.

५. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने पाठवा. “आज आपण असं म्हणालात” एवढं पुरे.

६. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये होती ते मोजा, आणि त्या काळातली टॅक्सीची बिलं जपून ठेवा. भरपाई मागताना हेच कामी येतं.

बाहेरच्या गॅरेजमध्ये साधं काम केलं म्हणून सगळी वॉरंटी गेली, असं कुणी सांगितलं तर तेही लेखी मागा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात अशी सरसकट अट घालू नका असं म्हटलं होतं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. या आदेशावर पुढे अपिलं झाली, पण लेखी कारण मागायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

आयोगात जायची वेळ आली तर

आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. त्याने भागलं नाही तर कंपनी आणि डीलरला लेखी नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग.

५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली असेल तर केस जिल्हा आयोगात जाते. त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला फक्त ४०० रुपये. गाडी मुंबईत घेतली आणि राहता नाशिकला, तर नाशिकला दाद मागता येते. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही. ओला-उबरसाठी स्वतः गाडी चालवून पोट भरणाराही ‘ग्राहक’ ठरू शकतो, कारण स्वयंरोजगारासाठीचा वापर कायदा व्यापारी मानत नाही.

तज्ज्ञाकडून तपासणी हवी असा अर्ज सुरुवातीलाच द्या. तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, हे धरून चला. अशी तपासणी लागली तर पाच महिन्यांत, नाहीतर तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हेही लपवत नाही.

आणि मुदत! तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नोटिसा आणि ईमेल पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. “पुढच्या सर्व्हिसला बघू” यात लोकांची दोन वर्षं निघून जातात.

जाता जाता, रिकॉल

दोष फक्त तुमच्या गाडीत नसून अख्ख्या मॉडेलमध्ये असू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. त्यानुसार धोकादायक दोषासाठी सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. एप्रिल २०२१ पासून याचे नियम लागू आहेत, आणि सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

तुमच्या गाडीचं मागचं जॉब कार्ड ग्लव्ह बॉक्समध्ये असेल. काढा आणि वाचा. तुम्ही सांगितलेला बिघाड त्यावर लिहिलाय का? नसेल, तर पुढच्या वेळी काउंटरवरून हलायच्या आधी तो लिहून घ्या. प्रश्न असतील तर मेसेज करा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. भेटूया!