निवेदकाचा विनोद आणि दृश्याचा विनोद : चिमणरावाच्या निमित्ताने

विनोदी वाङ्मयाचे विवेचन करताना प्रसंगांची यादी देऊन थांबण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. नायक कोठे फसला, कोणी कोणाची फजिती केली, शेवटी काय उलगडले, एवढे सांगितले की विनोदाची मीमांसा झाली असे मानले जाते. परंतु तोच प्रसंग एकाने सांगितला असता हसू येते आणि दुसऱ्याने सांगितला असता येत नाही, हा नित्याचा अनुभव आहे. यावरून विनोदाचे अधिष्ठान प्रसंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, निवेदनात असते, हे उघड होते. या विधानाची कसोटी पाहावयाची, तर ग्रंथातून चित्रपटात गेलेली एखादी व्यक्तिरेखा घेणे इष्ट. चिं. वि. जोशी (1892–1963) यांचा चिमणराव या दृष्टीने फार उपयोगी आहे.

बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या व्यासंगी लेखकाने निर्माण केलेला चिमणराव हा पुण्यातील एक सामान्य कारकून होय. आपली हकीकत तो स्वतःच सांगतो. कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’पासून मराठी विनोदात प्रथमपुरुषी निवेदनाची परंपरा आहेच, मात्र कोल्हटकरांचा सुदामा प्रामुख्याने रूढींचे उपरोधिक समर्थन करतो, तर चिमणराव समर्थन करतो ते स्वतःचे. जोशी यांच्या पुस्तकांची नावेच या बाबतीत बोलकी आहेत. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘वायफळाचा मळा’ ही तिन्ही नावे निष्फळ, लांबलचक बोलण्याची वाचक आहेत. म्हणजे लेखकाच्या लेखी हास्याचा विषय केवळ चिमणरावाचे वर्तन नव्हे; त्याचे सांगणे हाही तितकाच महत्त्वाचा विषय आहे.

हे सांगणे भाषेच्या कोणत्या साधनांवर उभे असते? पुढील वाक्ये ग्रंथातील नव्हेत, केवळ उदाहरणादाखल रचलेली आहेत. ‘मी बरणी फोडली’, ‘माझ्या हातून बरणी फुटली’ आणि ‘बरणी फुटली’ या तिन्ही वाक्यांतील घटना एकच आहे. पहिल्यात ‘मी’ हा कर्ता असून दोष त्याच्याकडे जातो. दुसऱ्यात बरणीच कर्तेपदी बसते आणि बोलणारा ‘हातून’ या पंचम्यन्त पदाच्या आडोशाला जातो. तिसऱ्यात तो अजिबात उरत नाही. तद्वतच ‘मी बोललो नाही’, ‘मला बोलवेना’ आणि ‘मी मुद्दामच बोललो नाही’ यांतील मौन एकच. पण दुसऱ्या वाक्यात ते असामर्थ्य ठरते आणि तिसऱ्यात धोरण. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण आणि ‘च’ हे अव्यय एवढ्या अल्प सामग्रीवर भित्रेपणाचा मुत्सद्देगिरीत कायापालट होतो.

प्रथमपुरुषी विनोदाचे मर्म या कायापालटात आहे. निवेदक ‘मुद्दामच’ म्हणतो आणि वाचक मनात ‘भीतीने’ असे वाचतो. या दोन पाठांमधील अंतर लेखक कोठेही स्पष्ट करीत नाही. ते वाचकाला स्वतः ओळखावे लागते. ते ओळखताना वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवते, ती ही की ‘माझ्या हातून’ हा आडोसा त्याने स्वतःही अनेकदा घेतलेला आहे. चिमणरावाला हसणाऱ्याच्या हास्यात तिरस्कार नसतो, याचे कारण हेच. अब्रूला जपणाऱ्या, परंतु ती राखण्याचे साधन जवळ नसलेल्या मध्यमवर्गाची ओढाताण हा या लेखनाचा आशय आहे. आणि तो उपदेशातून नव्हे, तर वाक्यरचनेतून प्रकट होतो.

1940 साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पाहावे करून’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा चिमणराव पडद्यावर आला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. कॅमेऱ्यापुढे बरणी फुटावयाची, तर हात दिसावा लागतो, निसटणे दिसावे लागते. ‘माझ्या हातून’ या रचनेचे छायाचित्र घेता येत नाही. निवेदकाचा आवाज पार्श्वभूमीवर ऐकविला, तरी चित्र त्याला तत्काळ खोटे पाडते. जे अंतर वाचकाने ओळखावयाचे, ते पडदाच मोजून देतो. परिणामी प्रेक्षक निवेदकाचा भागीदार न राहता साक्षीदार होतो, आणि क्वचित न्यायाधीशही.

याचा अर्थ चित्रपट हे उणे माध्यम आहे असा नव्हे. त्याला मिळणारी सामग्री वेगळी आहे. ग्रंथात गुंड्याभाऊ निवेदकाने उल्लेख केला म्हणजे उपस्थित होतो. पडद्यावर तो न बोलताही उभा असतो, आणि त्याच्या धिप्पाड देहाशेजारी चिमणरावाचा दुबळेपणा एका शब्दावाचून सिद्ध होतो. मालवणकरांच्या तिरळ्या नजरेने जे साधले, ते वाक्यात उतरविणे कठीण. पुढे 1970 नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा उभी केली, तेव्हाही देहबोलीचाच वाटा मोठा होता. काही अंश मात्र दोन्ही माध्यमांत अबाधित राहतात. चिमणराव, काऊ, मोरू, राघू, मैना अशी सारे घरच पक्ष्यांचे करणारी नावे वाचली काय आणि ऐकली काय, त्यांतील गंमत तीच.

तात्पर्य, व्यक्तिरेखा, आशय आणि विनोद यांचे विश्लेषण तीन स्वतंत्र कप्प्यांत करणे अशास्त्रीय होय. चिमणरावाचा स्वभाव त्याच्या प्रयोगांच्या निवडीत आहे, आशय त्या निवडीच्या कारणात आहे, आणि विनोद त्या दोहोंतील विसंगती वाचकाने ओळखण्यात आहे. म्हणून रूपांतराचा अभ्यास करणाऱ्याने ‘कथानकात काय बदलले’ या प्रश्नाआधी ‘कोण सांगत होता, आणि त्याचे कोणते वाक्य दाखविता येणार नाही’ हा प्रश्न विचारावा. मूळ कृतीचा प्राण बहुधा त्याच वाक्यात सापडतो.