भोक पडलेला पिस्टन

मुलांनो, आमच्या तलासरीच्या शाळेत वर्गाच्या खिडकीत एक पिस्टन ठेवलेला आहे. लहान वाटीएवढा, अॅल्युमिनिअमचा, दिसतो त्यापेक्षा हातात हलका लागतो. त्याच्या डोक्यावर कडेला बोट जाईल एवढं भोक आहे आणि भोकाच्या कडा मेणबत्तीच्या मेणासारख्या ओघळलेल्या आहेत. ज्या मुलाने तो आणला त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाई, इंजिनात असं काय पेटलं की धातूच वितळला?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला हे शिकवत नाहीत! मग मी वाचलं, महामार्गावरच्या मेकॅनिकांना विचारलं, आणि पिस्टनची गोष्ट हळूहळू उलगडत गेली.

गोष्ट आहे त्या मुलाच्या मोठ्या भावाची. दादा डहाणूला चिकूच्या वखारीत हिशेब लिहितो. दोन वर्षं पैसे साठवून त्याने एक जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण त्याला पिकअप हवा होता. कुणीतरी सांगितलं, टर्बो बसव. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने दोन दिवसांत टर्बोचा संच बसवून दिला. पुढचे तीन आठवडे दादा हवेत होता. चौथ्या आठवड्यात चारोटीच्या अलीकडे इंजिनातून खडखड आवाज आला, मागून निळा धूर निघाला आणि गाडी उभी राहिली. बाजूने ट्रक सुसाट जात होते. दादाने गाडी एकट्याने ढकलत कडेला घेतली. त्याला काही झालं नाही, हे नशीब.

आता टर्बो म्हणजे काय ते पाहू. तुम्ही तो पाहिला नसेल, पण ऐकला नक्की असेल. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मेंढवणची खिंड चढणारा भरलेला ट्रक आठवा. इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक शिट्टी वर वर चढत जाते ना? ती टर्बोची. (थांबताना 'फुस्स' होतं ते मात्र ब्रेकच्या हवेचं, त्याची गल्लत करू नका.)

घरी चूल पेटवताना आजी फुंकणीने फुंकते. लाकडं तीच, पण हवा जास्त मिळाली की जाळ मोठा होतो. इंजिनाचंही तसंच आहे. पेट्रोल जाळायला हवा लागते आणि साधं इंजिन ती स्वतःच्या श्वासाने ओढून घेतं. एक हजार सीसीचं, म्हणजे एका लिटरचं इंजिन घ्या. दर दोन फेऱ्यांत ते फार तर एक लिटर हवा ओढतं. मिनिटाला तीन हजार फेऱ्या झाल्या, तर किती? दीड हजार लिटर! एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला १८०० ग्रॅम हवा. हवेलाही वजन असतं हे पुस्तकात वाचून आपण विसरून जातो. इंजिन विसरत नाही.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. एका दांड्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन छोटी चाकं असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो. दुसरं चाक त्याच दांड्यावर असल्यामुळे तेही फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जो धूर वाया जायचा, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं! ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्या घरातला छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो. छोट्या टर्बोचं चाक एक लाखाच्या वर जातं. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. म्हणून अनुभवी ड्रायव्हर लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करत नाहीत. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवतात, नाहीतर तापलेल्या टर्बोचं तेल थांबतं आणि तिथेच करपतं.

मग दादाचं चुकलं कुठे? फुंकणी तर बसली. चुकलं ते हिशेबात.

पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा लागते. (सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा हा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. पण आपण शुद्ध पेट्रोलचाच हिशेब धरू.) अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल देतात, साधारण साडेबारा ग्रॅम हवेला एक ग्रॅम. जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता थोडी कमी ठेवतं. म्हणजे आपल्या १८०० ग्रॅम हवेला १४४ ग्रॅम पेट्रोल. वही काढून भागाकार करून पाहा.

हा हिशेब गाडीत कोण करतं? एक छोटा संगणक. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. आपण त्याला मेंदू म्हणू. मेंदूच्या पोटात एक मोठा तक्ता असतो, आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखाच. आडव्या ओळीत इंजिनाच्या फेऱ्या, उभ्या ओळीत आत येणाऱ्या हवेचा दाब. दोन्ही जिथे भेटतात त्या घरात लिहिलेलं असतं, इतकं पेट्रोल सोड. दुसऱ्या तक्त्यात असतं, ठिणगी कधी टाकायची. सोळा आडवी आणि सोळा उभी घरं असतील तर एका तक्त्यात २५६ आकडे.

हवेचा दाब मेंदूला सांगतो एक सेन्सर. आणि खरी गोम इथे आहे. दादाच्या गाडीचा सेन्सर साध्या इंजिनासाठी बनवलेला होता. साध्या इंजिनात हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतच नाही, म्हणून त्याचं मापही तिथेच संपतं. शंभर किलोच्या काट्यावर दीडशे किलोचं पोतं ठेवलं तर काटा काय दाखवेल? शंभरच! टर्बोने दीडपट हवा कोंबली, सेन्सरने सांगितलं 'एक', आणि मेंदूने एकपट हवेचंच पेट्रोल सोडलं. आता २७०० ग्रॅम हवा आणि पेट्रोल तेच १४४ ग्रॅम. भागा पाहू. जवळजवळ १९ येतात. जिथे साडेबारा हवे होते तिथे एकोणीस!

तुम्ही म्हणाल, हवा जास्त तर जाळ मंद व्हायला हवा. पण दाबलेली हवा आधीच तापलेली असते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक कसं गरम होतं? त्यात पेट्रोल कमी, म्हणजे आत उष्णता शोषून घेणारंही कुणी नाही. दाब वाढत जाताना हे मिश्रण एकोणीसवर पोचायच्या आधीच धोक्याच्या पट्ट्यातून जातं. मग ठिणगीने पेटवलेली ज्वाळा कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप फटकन पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. दादाने ऐकलेली खडखड हीच.

सिलिंडरमधला जाळ दोन हजार अंशांच्या वर जातो. अॅल्युमिनिअम वितळतं ६६० अंशांना, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. तरी पिस्टन एरवी का वितळत नाही? कारण त्याच्या अंगाला स्थिर वायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो, थंडीतल्या शालीसारखा. शिवाय आलेली उष्णता तो सिलिंडरच्या भिंतीला आणि खालच्या तेलाला देऊन टाकतो. नॉकिंगचे धक्के ती शाल उडवून लावतात. मग ज्वाळा थेट धातूला भिडते. खिडकीतलं भोक असं पडलं.

ही चूक फक्त दादाची नाही हं. मोठमोठ्या कंपन्याही इथे अडखळल्या आहेत. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोची गाडी आली. नॉकिंग होऊ नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारत असत, आणि त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. लोक भरायला विसरले! पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवावा लागला. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने इंजिनाला चक्क कान दिला. इंजिनाच्या अंगावर सेन्सर लावला. नॉकिंगचा आवाज ऐकू आला की मेंदू लगेच टर्बोचा दाब उतरवायचा. माझ्या मते टर्बोइतकाच मोठा शोध हा कान आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

टर्बो नीट बसवायचा तर काय करतात? जास्त दाब मोजणारा सेन्सर, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. मग गाडी रुळांवर जागच्या जागी पळवून माणूस लॅपटॉप घेऊन बसतो आणि त्या तक्त्यातलं एकेक घर पुन्हा भरतो. धुराच्या नळीतला सेन्सर सांगतो मिश्रण कसं जळलं. ठिणगीही थोडी उशिरा टाकावी लागते. किती उशिरा? तीन हजार फेऱ्यांना इंजिन एका सेकंदात अठरा हजार अंश फिरतं. तिथे दोन-चार अंशांचा फरकसुद्धा पिस्टन वाचवतो किंवा मोडतो. याला म्हणतात ट्युनिंग. दादाच्या गॅरेजने टर्बो बसवला, तक्ता तसाच ठेवला. दोन दिवसांत दुसरं होणार काय?

आणि समजा तक्ताही बरोबर भरला. तरी ब्रेक जुन्याच इंजिनाच्या जोरासाठी बनवलेले. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवायला चौपट ऊर्जा गिळावी लागते, दुप्पट नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेली मूळ रचना बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. आई-बाबांनो, घरात नव्या गाडीचा उत्साह असेल तर हे कलम जरूर वाचा. अपघात झाला तर विमा कंपनी ते वाचतेच. कारखान्यातूनच टर्बो लागून आलेली गाडी वेगळी, तिचा तक्ता, ब्रेक, सगळं त्याच हिशेबाने केलेलं असतं.

दादाने टर्बो काढून टाकला. इंजिन पुन्हा बांधायला त्याची आणखी वर्षभराची शिल्लक गेली. एका शनिवारी मी त्याला वर्गात बोलावलं. आधी तो लाजला, पण मग फळ्यावर स्वतःच तक्ता काढून मुलांकडून भागाकार करून घेतला. हिशेब लिहिणारा माणूस, त्याचे आकडे सुरेख! फळा पुसताना हळूच म्हणाला, "बाई, वखारीत एक पेटी इकडची तिकडे झाली तरी मी तीनदा मोजतो. इथे विचारलंसुद्धा नाही."

शेवटी त्याच्या धाकट्या भावाने हात वर केला. "बाई, मग ट्रकच्या पिस्टनला भोक का नाही पडत? त्यांनाही टर्बो असतो ना?"

प्रश्न चांगला होता, आणि या वेळी उत्तर मला येत होतं. ट्रकचं इंजिन डिझेलचं. त्यात आधी फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल अगदी जळायच्या वेळी आत फवारतात. आधीच भडकेल असं मिश्रण तिथे नसतंच. म्हणून जास्त हवेचा डिझेल इंजिनाला त्रास होत नाही, उलट बरंच वाटतं. त्याला त्रास होतो डिझेल जास्त झालं की. मेंढवणच्या चढावर एखादा ट्रक शिट्टीबरोबर काळाकुट्ट धूर ओकत जाताना दिसला, तर ओळखा, याच्या पोटात डिझेल जास्त आणि हवा कमी पडते आहे.

त्या दिवसापासून माझा वर्ग महामार्गावरून जाताना खिडकीशी बसायला भांडतो. निम्मे शिट्ट्या मोजतात, निम्मे धूर.