निराशेचा किल्ला आणि वचनाची किल्ली

जॉन बन्यन हा बेडफर्डजवळच्या खेड्यातील कल्हईवाल्याचा मुलगा. स्वतःही तोच व्यवसाय करणाऱ्या या मनुष्याला परवान्यावाचून धर्मोपदेश केल्याबद्दल 1660 साली तुरुंगात टाकण्यात आले आणि तेथे त्याची बारा वर्षे गेली. 1678 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ त्याने मुलांसाठी लिहिला नव्हता. तरीही पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो आपलासा केला. मराठीत हरि केशवजी यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ या नावाने 1841 मध्ये आला. मराठीत स्वतंत्र कादंबरी अजून जन्मावयाची होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर सोळा वर्षांनी, 1857 मध्ये प्रसिद्ध झाली.

ग्रंथाचे कथानक साधे आहे. ख्रिश्चन नावाचा मनुष्य पाठीवर मोठे ओझे घेऊन विनाशनगरी सोडतो आणि स्वर्गनगरीच्या वाटेला लागतो. ओझे म्हणजे पाप. क्रुसापाशी पोहोचताच ते आपोआप गळून खालच्या थडग्यात गडगडत जाते. वाटेतील चिखल, डोंगर, दरी आणि बाजार या प्रत्येकाला नाव आहे आणि त्या नावातच त्याचा अर्थ सांगितलेला आहे. भारतीय वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक आणि महामोह हे राजे होऊन एकमेकांशी लढतात. एकनाथांच्या भारुडातील विंचू हा षड्रिपूंच्या कुळातला, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

परंतु नुसत्या अर्थावर कथा तगत नाही. बन्यनने तरुणपणी जत्रेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त चोपड्यांतून बेव्हिससारख्या वीरांच्या अद्भुत कथा वाचल्या होत्या. पुढे त्याने त्या वाचनाचा धिक्कार केला, तरी लेखणीतून त्या कथा गेल्या नाहीत. अपोल्योन या राक्षसाचे अंग माशासारख्या खवल्यांचे, पंख नागराक्षसाचे, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचे आहे. त्याच्या पोटातून धूर व आग निघते आणि अर्धा दिवस झुंज चालते. निराशा नावाचा दैत्य ख्रिश्चन आणि त्याचा सोबती यांना संशयाच्या किल्ल्यात कोंडतो, रोज चोपतो आणि आत्महत्या करा असे सुचवतो. मात्र स्वच्छ ऊन पडले की या दैत्याला झटके येतात आणि त्याचे हात लुळे पडतात. चार-पाच दिवसांनी ख्रिश्चनला आठवते की, ‘वचन’ नावाची किल्ली आपण उराशी बाळगून आहोत. तिने दारे उघडतात. बाहेरचे लोखंडी दार मात्र जड जाते, कुरकुरते आणि त्या आवाजाने दैत्य जागा होतो. ईश्वराच्या वचनावर विश्वास ठेवावा, हा येथील सिद्धान्त दोन ओळींत सांगून झाला असता. ते कुरकुरणारे दार सिद्धान्ताला नको होते, कथेला हवे होते. मूल त्या दारापाशीच श्वास रोखते.

मुलांनी या ग्रंथाचे काय केले, याचे उत्तम चित्र लुइझा मे ऑल्कॉटच्या 1868 मधील ‘लिटल विमेन’ या कादंबरीत सापडते. त्यातील चार बहिणी पाठीला ओझी बांधून तळघरातून छपरापर्यंत यात्रा खेळत असतात. विसाव्या शतकात सी. एस. लुइसने 1950 मध्ये सिंहाची, चेटकिणीची आणि कपाटाची कथा लिहिली तेव्हा त्याने नावांतून अर्थ सांगण्याचे टाळले. त्यातील सिंह मरतो आणि पुन्हा उठतो. तो कोण, हे न ओळखताही मूल रडते. बन्यनला हा आडपडदा नको होता.

नेमका येथेच अनुवादकाचा कस लागतो. इंग्रजीतील नावे तशीच ठेवली तर त्यांतला अर्थ मरतो, आणि भाषांतरित केली तर व्याकरण आडवे येते. दैत्य पुरुष, पण मराठीत ‘निराशा’ स्त्रीलिंगी. त्याची बायको म्हणजे अविश्वास, आणि तो शब्द पुल्लिंगी! इंग्रजीत ही अडचण उद्भवतच नाही. कृष्णमिश्राला मात्र लिंगभेद सोयीचा पडला होता. त्याच्या नाटकात श्रद्धा आणि शांती या सहजच स्त्रिया होतात.

याहून मोठी अडचण भाषेबाहेरची होती. ग्रंथाच्या आरंभीच ख्रिश्चन घर सोडतो. बायको आणि मुले हाका मारीत मागे धावतात. तो कानांत बोटे घालून, ‘जीवन, जीवन’ असे ओरडत पळत सुटतो. जाणत्या ख्रिस्ती वाचकाला येथे मोक्षाची तळमळ दिसते. आपल्याकडील वाचकाला मध्यरात्री निघून गेलेला सिद्धार्थही आठवेल. पण 1841 च्या मुंबईत हे दृश्य रूपक राहिले नव्हते. दोनच वर्षांपूर्वी मिशनच्या शाळेतील पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे शहर हादरले होते. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा वाद न्यायालयात गेला आणि मुलाला वडिलांच्या हवाली करण्यात आले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. ज्या घरातील मुलगा असा निघून गेला, त्या घराने कानांत बोटे घातलेल्या यात्रेकरूकडे परीकथेतला वीर म्हणून पाहावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरली असती. अद्भुताचा आनंद निर्धास्तपणेच घेता येतो, आणि ती निर्धास्ती त्या घरांपाशी नव्हती.

मागे राहिलेल्यांची हाक बन्यनलाही ऐकू आली असावी. 1684 मध्ये त्याने ग्रंथाचा दुसरा भाग लिहिला. त्यात ख्रिश्चनची बायको ख्रिश्चियाना चार मुलांसह त्याच वाटेने निघते. या भागात लढाया कमी आहेत. वाटेत आजारपणे, लग्ने आणि जेवणावळी येतात, आणि सोबतीला लंगडे, भित्रे, दुबळे असे यात्रेकरूही मिळतात. मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, तो धर्म स्वीकारला. मधल्या काळातील ताटातूट त्यांनी कोणत्याही रूपकाचा आधार न घेता सांगितली आहे.

निराशा दैत्याचा अंतही या दुसऱ्या भागातच होतो. वाटाड्या त्याला ठार करतो, आणि एके काळी बाप सोडून गेलेली ती चार मुले, आता तरुण झालेली, संशयाचा किल्ला पाडायला हात लावतात. त्या कामाला सात दिवस लागतात. त्यानंतर रस्त्यावरच वाद्ये वाजतात, आणि कुबडीवाचून चालू न शकणारा एक यात्रेकरू, एका हाती कुबडी धरून, दैत्याच्या कैदेतून सुटलेल्या मुलीबरोबर नाचतो.