एलियाला देवदूताने बोल लावला नाही

जोयड्याच्या रानातील आपल्या सिद्दी, कुणबी व गवळी बांधवांविषयी कोणी लिहिले, की बहुधा त्यांच्या नाचाचे नाहीतर कंदमुळांचे कौतुक असते. आजचा विषय निराळा आहे. माणूस स्वतःच्या जिवावर उठतो तो कशामुळे? जगात प्रतिवर्षी सात लक्षांहून अधिक लोक आत्महत्येने मरतात. एकट्या भारतात २०२२ साली १,७०,९२४ जणांची सरकारी नोंद आहे.

कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील मूळ रहिवाशांत हे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक आहे. त्याचे कारण त्यांच्या रक्तात शोधणे अगदी चूक होय. चँडलर व लालोंड या संशोधकांनी १९९८ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील जमातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जमातींत तरुणांच्या आत्महत्या फार, तर निम्म्याहून अधिक जमातींत पाच वर्षांत एकही नाही! ज्यांनी आपला कारभार, आपल्या शाळा व आपले परंपरागत विधी हाती राखले होते आणि जे जमिनीच्या हक्कासाठी झगडत होते, त्यांच्यात हे दुःख अत्यल्प आढळले.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. इंग्रजी अमलात कुमरी शेतीवर बंदी आली. पुढे धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले. २००७ साली व्याघ्र प्रकल्प आला. २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा लाभला, त्याच वर्षी गोव्यातील कुणब्यांनाही. जोयड्याचे कुणबी मात्र त्या यादीत नव्हते. सबब २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्याकडे पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा मागितला. आजोबांनी कसलेल्या भूमीवर उभे राहून नातवाने कागद शोधत फिरावे, यातील अपमान शहरातल्या माणसाला सहसा कळत नाही.

तथापि एकाच कारणाने कोणी मरत नाही. कर्ज, दीर्घ आजार, घरातील मारहाण, मोडलेले लग्न, पूर्वी एकदा केलेला प्रयत्न, अशी ओझी एकावर एक चढतात. आणि दारू त्या सर्वांवर बसते. मनाचे दुःख ती क्षणभर झाकते खरी, परंतु विचार करण्याची शक्ती हिरावून घेते. पुष्कळदा तो आवेग थोड्याच वेळाचा असतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्या दोनतृतीयांशांहून अधिक घटल्या. म्हणून शेतीचे औषध माजघरात नको, कुलुपात असावे, व किल्ली जाणत्या माणसापाशी.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूताने त्याला पापाची भीती घातली काय? नाही. त्याने भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. बोलणे त्यानंतर झाले. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो: प्रथम उपदेश, मग शेजाऱ्यांची कुजबुज, आणि पेजेची वाटी कोणीच आणीत नाही.

मागे राहिलेल्या कुटुंबाचीही हीच कथा. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत तो नियम उरला नाही. जीव घेणे हे गंभीर पाप आहेच, परंतु मनाचा भारी विकार वा असह्य यातना माणसाची जबाबदारी उणी करतात, आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभा शिकवते. सबब अशा घरी मर्तिकाला जाण्यास कचरू नका, आणि मृताच्या नावाने मिस्सा सांगण्यास लाजू नका. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे. पोलिसांच्या भयाने त्याला दवाखान्यात नेण्यास विलंब लावू नये.

एखादा जवळचा मनुष्य जगण्यात अर्थ नाही असे वारंवार म्हणू लागला, प्रिय वस्तू वाटू लागला, तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते; घरी फोनला रेंज नसेल, तर रेंज लागेल तेथवर त्याच्यासोबत चालत जा.