टाचेवरची सुई आणि आजीचा सूर

बाळ दोन दिवसांचं, वजन सव्वादोन किलो. अडीच किलोच्या आतल्या बाळाची साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते आणि दर वेळी टाचेला टोचावं लागतं. मुळशीतल्या पौडजवळच्या एका प्रसूती कक्षात त्या सकाळी बाळाची चौथी तपासणी होती. पायाच्या अंगठ्याएवढ्या टाचेवर आधीच्या तीन टोचण्यांचे लालसर ठिपके मला दिसत होते.

सिस्टरने लगेच सुई बाहेर काढली नाही. आधी बाळाचा पाय तळहातात धरून ऊब दिली आणि आजीकडे वळून म्हणाली, "आजी, करा सुरू."

"मला कुठं गाता येतंय?"

"जात्यावर म्हणत होता ना? तेच म्हणा, हळू."

आजी पदर सावरून बाळाच्या कानाशी वाकल्या. शब्द मला नीट ऐकू आले नाहीत, चाल तेवढी ऐकू आली. एकाच वळणावर परत परत येणारी, जात्याच्या फेऱ्यासारखी. सिस्टर थांबून राहिली. बाळाच्या मुठी सैल झाल्या, श्वास लयीत आला आणि मग तिने टाचेच्या बाहेरच्या कडेला टोचलं. मधोमध टोचत नाहीत, तिथे हाड जवळ असतं. बाळ कळवळलंच. भुवया आवळल्या, तोंड वासलं, एकदा ओरडलंही. पहिला थेंब कापसाने पुसला, दुसरा पट्टीवर घेतला. रक्त यावं म्हणून टाच दाबावी लागते आणि ते दाबणं सुईइतकंच, कधी जास्तही, दुखतं. आजींचा सूर मात्र तुटला नाही. मशीनवर आकडा उमटेपर्यंत बाळाचा आवाज हुंदक्यावर आला होता.

हे माझं एका बाळाचं पाहणं. पण 2023 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो याच टाचेच्या सुईचा होता. शंभर नवजात बाळं होती. सगळ्यांना साखरेच्या पाण्याचे थेंब दिले होते, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त बाळांना सुईआधी वीस मिनिटांपासून मोझार्टचं अंगाईगीत ऐकवलं. चेहरा, रडणं, श्वास, हातपाय, जाग यांवरून वेदनेचे गुण देतात. संगीत ऐकणाऱ्या बाळांचे गुण टोचताना आणि नंतरची एक-दोन मिनिटं स्पष्टपणे कमी होते. मला त्यातलं 'आधीपासून' हे सगळ्यात मोलाचं वाटतं. रडं फुटल्यावर मोबाइल लावून काही उपयोग नाही.

बाळाला दुखतं, हे तरी आपण कधी मानलं? 1980च्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी नवजातांवर अगदी जुजबी भुलीवर शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी 1987 साली दाखवून दिलं, की पुरेशी भूल दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळं शस्त्रक्रियेतून चांगली सावरतात. त्यानंतर वैद्यकाची समजूत बदलू लागली.

मोझार्टच हवा असं मला वाटत नाही. बाळाला गर्भातच ऐकू येऊ लागतं आणि जन्मल्याबरोबर ते आईचा आवाज ओळखतं. आणि मुळशीत सुरांचा तोटा कधी नव्हता. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्या कामाची मुळं याच मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत आहेत. जाती आता ओसरीच्या कोपऱ्यात पडून आहेत, पण त्यांवर ओव्या गाणाऱ्या बायका आज आज्या आहेत आणि प्रसूती कक्षाच्या दाराबाहेर बसलेल्या असतात. "सुई द्यायचीय, बाहेर थांबा" असं म्हणून त्यांना बाहेर काढतात, ते मला चुकीचं वाटतं.

एक जपायला हवं. आवाज मोठा नको. नवजात कक्षात तो 45 डेसिबलच्या आत असावा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. कानाशी धरलेला मोबाइल त्याच्या कितीतरी पुढे जातो. आणि सूर हा औषधाच्या जागी नाही. अंगावर पाजणं, छातीशी धरणं, गरज असेल तिथे वेदनाशामक, यांच्या सोबतीने तो.

तुमच्या घरी बाळ आलं असेल, तर दीड महिन्याच्या लसीला जाताना आजीलाही न्या. दोन्ही मांड्यांत टोचतात त्या दिवशी. सिस्टर सुई भरत असतानाच गुणगुणायला लागा आणि बाळ रडलं तरी थांबू नका.