कारण दिसले की उपाय दिसतो

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख सरते, ही तथागतांची शिकवण आपण नित्य ऐकतो. आधुनिक औषधशास्त्रही याच मार्गाने चालते. एचआयव्हीचेच उदाहरण घेऊ.

हा विषाणू आपली काही प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात घडवून घेतो. ती साखळी नेमक्या जागी कापणारे विकर म्हणजे प्रोटिएज. हे कापणे थांबले तर नवे विषाणू अपक्व राहतात व बाधा करू शकत नाहीत. 1989 साली शास्त्रज्ञांनी या विकराच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून त्याची त्रिमितीय रचना उलगडली. प्रत्येकी 99 अमिनो आम्लांचे दोन समान भाग, मध्ये खोबण, तिच्यावर दोन झडपा आणि तळाशी दोन्ही भागांतील पंचविसावे ॲस्पार्टिक आम्ल. हीच कात्रीची दोन पाती. खोबणीत घट्ट बसेल, पण कापला जाणार नाही, असा रेणू या प्रतिकृतीवर पारखता आला. साक्विनाविर या अशा पहिल्या औषधास डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

विषाणूही बदलतो. 82 व्या जागेवरील अमिनो आम्ल बदलले की काही औषधांची पकड सैल होते. म्हणून अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात.

या रोग्यांना पापाचे फळ म्हणून दूर लोटले गेले. विटाळाची वेदना आपल्या समाजाला सांगावी लागत नाही. त्या खोबणीत पाप कोठेही आढळले नाही. आढळली ती केवळ अमिनो आम्ले. आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान शिकावे ते यासाठी.