शाईला थारा कुठे?

परतूरच्या मोंढ्यात रचलेल्या पोत्यांवरची नावं बघा. अक्षरं कापलेला पत्रा पोत्यावर धरायचा नि वरून शाईचा कुंचला फिरवायचा. कापलेल्या जागेतून शाई खाली उतरते, बाकी ठिकाणी पत्रा तिला अडवतो. शाळेचा रबरी शिक्का वेगळ्या तऱ्हेने चालतो. त्याचा उंच भाग शाई घेतो, खोलगट भाग कोरा राहतो. जगातली थोर थोर मुद्राचित्रं घ्या, मुळात युक्त्या चारच. शाई भोकातून उतरवा, उंचवट्यावर लावा, खोबणीत भरा, नाहीतर सपाट दगडावरच तिला थोपवा.

उंचवट्याची छपाई शिकायला लिनो सोपा. जवसाचं तेल, राळ नि बुचाचा भुगा यांचा लगदा तरटावर थापला की लिनोलियम तयार होतं. छपाईची जुनी काळी शाईही त्याच तेलाची. ते तापवून दाट करायचं नि त्यात काजळी घोटायची. भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो, तेच हे जवस! त्याचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो, म्हणून छापलेलं शतकानुशतकं टिकतं.

खोबणीचं काम तांब्यावर. राष्ट्रकूटांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी दानपत्रं तांब्यावर कोरली. त्या रेघांत शाई भरून, वरचा पत्रा पुसून, ओलसर कागद जोरात दाबला असता तर छपाई झाली असती. पण अक्षरं उलटी आली असती. छापायचं तर कोरतानाच उलटं कोरावं लागतं. ते कौशल्य नाना फडणवीसांच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाने इंग्रजांच्या आश्रयाने शिकून घेतलं. पुढे मिरजेत पटवर्धनांच्या पदरी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली.

चौथी युक्ती सर्वांत चक्रावून टाकणारी, कारण तिच्यात ना उंचवटा, ना खोबण. बव्हेरियाच्या आलॉइस झेनेफेल्डरला ती १७९६च्या सुमारास सापडली. आपल्या विहिरींतून निघणारा काळा पाषाण तिला चालत नाही; तेल आणि पाणी दोन्ही धरणारा, बारीक कणांचा चुनखडक लागतो. तो घासून गुळगुळीत करायचा नि तेलकट खडूने त्यावर चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून ते वर फासायचं. हा डिंक आपल्या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा. आता दगड ओल्या स्पंजने पुसा नि शाईचा रूळ फिरवा. कोरी जागा पाणी धरून बसते, शाईला शिवू देत नाही. तेलकट रेघ मात्र शाई ओढून घेते. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या दगडावर चित्र काळंभोर उमटतं!

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून गणपत कृष्णाजींनी लाकडी यंत्र स्वतः घडवलं, दगडाचे तुकडे मिळवले, शाई घरी घोटली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. दगडाला काय, चरबी आणि तूप सारखंच. त्याला फक्त स्निग्धपणा कळतो.

आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आली, पण तेल-पाण्याचं वैर तेच. ऑफसेट यंत्रात प्लेटवरची शाई आधी रबराच्या पट्ट्यावर उतरते नि तिथून कागदावर. मजकूर दोनदा उलटतो, म्हणून प्लेटवर तो सुलटाच असतो. मिरजेच्या तांबटाला जे अक्षर अक्षर उलटं कोरून साधावं लागलं, ते रबराचा एक पट्टा चुटकीसरशी करतो. परतूरला सकाळी येणारा पेपर असाच छापलेला असतो.